दोन छोट्या शिट्ट्या

"शिट्टी तुम्ही मागितली होती का, एवढंच सांगा," फोरमन म्हणाला.

तो उंबऱ्याबाहेरच उभा होता. माझ्या खांद्यावर माझी तान्ही ढमी होती, तिची ढेकर निघायची होती, आणि चुलीवरचं दूध वर यायच्या बेतात होतं. अशा वेळी दारात माणूस आला की राग येतोच. पण मला राग आला तो त्याच्या विचारण्याचा. कुणी खिशातून काही उचललं का, असं विचारावं तसं तो विचारत होता.

"मागितली होती. आजही मागते. साहेबांना तसंच जाऊन सांगा."

तो हसला. "तुम्ही घरच्या, वहिनी. सासऱ्याच्या बाजूनं सून बोलणारच. तुमचं धरता येत नाही."

"मग आलात कशाला?"

"एकही दार सोडू नका म्हणालेत साहेब," असं म्हणून तो शेजारच्या दाराकडे वळला.

आमच्या ओळीतल्या घरांच्या भिंती इतक्या पातळ की शेजारी भांड्याला भांडं लागलं तर आपल्या मांडणीकडे बघावं. मी दूध उतरवलं आणि कान देऊन उभी राहिले. शेजारच्या काकू म्हणजे त्या शिट्टीवर गल्लीत सगळ्यांत आधी धावणारी बाई. हातातलं टाकून, पदराला हात पुसत पळायच्या. त्या काय सांगणार हे मला ठाऊक होतं. आणि मग त्यांचा आवाज आला.

"आम्ही कशाला मागू? त्यांची ती सवय आहे. उलट दुपारी जरा डोळा लागला की दचकायला होतं मेलं."

आमचं हे गाव म्हणजे पुठ्ठ्याचा कारखाना, आणि त्याला चिकटून जे काय आहे ते. घरांच्या ओळी, दोन दुकानं, दवाखाना, शाळा. कारखान्यात घरातला एक तरी माणूस नाही असं घर नाही. वाराही जवळपास वर्षभर कारखान्याकडून आमच्या गल्लीकडे. साहेबांचा बंगला पलीकडच्या चढावर, तिकडचा रस्ता काजळीला कधी सापडलेला नाही.

ही काजळी बॉयलरची. रोज सकाळी एकदा आणि दुपारी एकदा बॉयलरच्या नळ्या वाफेच्या जोरानं झाडाव्या लागतात, नेमकी वेळ काही ठरलेली नसते. काळा लोट चिमणीतून वर जातो, थोडा वेळ काय करावं असं वाटल्यासारखा तिथेच थांबतो, आणि मग आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसतो. तेलकट असते ती. झटकली तर पसरते, घासली तर मुरते.

बाबा, म्हणजे माझे सासरे, त्या बॉयलरवर. वाफेची झडप उघडण्याआधी ते शिट्टीची साखळी दोनदा ओढायचे. दोन छोट्या शिट्ट्या. पाळी सुटायचा भोंगा वेगळा, लांबलचक. ही नुसती हाक असल्यासारखी. ती ऐकल्यापासून काजळी उतरेपर्यंत एका बाईला हातातलं सोडून अंगणात यायला आणि दोरी रिकामी करायला बरोब्बर पुरेल एवढी सवड मिळायची. मी ते इतक्यांदा केलंय की झोपेतही जमेल. चिमटे दातांत, झबली डाव्या खांद्यावर, दुपटी उजव्या, ढमी जिथे राहील तिथे.

शिट्टी सुरू झाली ती माझ्या नवऱ्यामुळे. तो तान्हा असताना सासूबाईंचं सगळं धुणं एका दुपारी काळं झालं. त्या भांडल्या नाहीत. कारखान्याच्या फाटकाशी गेल्या आणि बाबांच्या सायकलीवर, हँडलपासून मागच्या कॅरिअरपर्यंत, ते सगळे काळे लंगोट वाळत घालून आल्या. पाळी सुटल्यावर बाबा गावातून तसेच सायकल चालवत आले म्हणे, दोन्हीकडे लंगोट फडफडतायत आणि मागे अख्खी पाळी हसतेय. दुसऱ्या दिवशी पहिली शिट्टी वाजली. मग गल्लीतल्या बायकांनी सासूबाईंना सोडलं नाही. भर दिवसा, चारचौघांदेखत स्वतःच्याच बायकोला शिट्टी मारणारा पुरुष आमच्याच नशिबी का नाही, असं म्हणायच्या. आणि म्हणता म्हणता आपापले कपडेही काढायच्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. शिट्टी होती.

नवे साहेब आल्यावर बिनसलं. वरच्या कचेरीतले पाहुणे आवारात उभे असताना दुपारची शिट्टी झाली. एकानं विचारलं, आग लागली का. कुणीतरी खरं काय ते सांगितलं, आणि पाहुणे हसले. बायकांच्या धुण्यासाठी कंपनी वाफ खर्च करते का, असं म्हणाले. तेवढं हसणं साहेबांना पुरलं. त्यांनी बाबांना बोलावून विचारलं, कुणाच्या हुकमानं वाजवता. बाबा म्हणाले, हुकूम नाही, गल्लीला लागते. साहेब म्हणाले, ठीक, गल्लीला विचारू. तुमचं घर सोडून एका घरानं जरी लागते म्हटलं तर वाजवा खुशाल. नाहीतर बॉयलर सोडायचा.

बाबा घरी आले ते शीळ घालत. "एका घरानं म्हणाले," ते मला सांगत होते, "एका. मी म्हटलं, साहेब, अख्खी ओळ सांगेल." ढमीला त्यांनी पायांवर घेतलं आणि झुलवत बसले. त्या रात्री ते गाढ झोपले.

एकही घर बोललं नाही.

प्रत्येकीचं काही ना काही होतंच. कुणाच्या नवऱ्याची नोकरी कायम व्हायची होती, कुणाच्या दिराला पाळी बदलून हवी होती. आणि काकूंचा मुलगा कधीचा कामासाठी फाटकाशी चकरा मारत होता. बॉयलरची जागा रिकामी झाली तर कुणाला मिळणार, हे काय त्यांना कळत नव्हतं?

बाबांना फाटकाशी झाडू मारायचं काम देऊ केलं. ते नको म्हणून घरी आले. मी पाणी दिलं. ते प्यायले, पेला उपडा घातला आणि म्हणाले, "झाडायची लाज नाही गं. पण फाटकातून भट्टीचं दार दिसतं. दुसऱ्याच्या हातात ती बघवायची नाही."

"आणि गल्लीचं?"

"गल्लीचं काय?"

"खोटं बोलल्या सगळ्या."

"घाबरल्या," बाबा म्हणाले, जणू हा निराळाच विषय होता.

नवरा कटाईच्या खात्यात. संध्याकाळी तो आला, हातपाय धुऊन ताटावर बसला. त्यालाही विचारलं होतं का, असं मी विचारलं. विचारलं होतं, म्हणाला. सगळ्या खात्यांतून विचारलं. मग तुम्ही काय सांगितलंत? तो भात चिवडत राहिला.

"माझं धरणारच नव्हते ते," शेवटी म्हणाला. "उगाच डोळ्यावर यायचं. दोघांची कामं गेली तर ढमीला काय घालणार?"

"तुमच्याच लंगोटांसाठी सुरू झाली होती ती शिट्टी," मी म्हणाले.

बाबा ओट्यावर होते. त्यांना ऐकू गेलं असणारच. नवरा ताटावरून उठला नाही, पण जेवलाही नाही. मला त्याची दया यायला हवी होती, आली नाही. पोरीला पुढे करून तो गप्प बसला होता, आणि ती पोर माझ्या मांडीवर स्वतःची मूठ चोखत होती. तिचं नाव घेऊन माणसं काय काय करतील, असं त्या क्षणी माझ्या मनात आलं, आणि मी तिला उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज न करता काजळी आली.

साहेबांनी शिट्टीची साखळीच काढून ठेवली होती. बॉयलरवर काकूंचा मुलगा. मी ढमीला अंगणात दोरीखाली निजवलं होतं, दुपट्यांची सावली पडते म्हणून. मी आत पीठ मळत होते. बाहेर आले तर दुपट्यांवर ठिपके, झबल्यांवर ठिपके, आणि ढमीच्या पापणीवर एक काळं पापुद्र्यासारखं. तिनं डोळे उघडले असते तर आत गेलं असतं. मी श्वास रोखून ते करंगळीनं उचललं. ती हसली झोपेत. मग मला इतका राग आला की काही वेळ नीट दिसेना.

गल्लीभर दारं उघडली. बायका आधी वर बघत होत्या, मग दोऱ्यांकडे. एकमेकींकडे मात्र बघेनात. आणि खोटं कशाला सांगू, प्रत्येक दोरी काळी झालेली बघून मला बरं वाटलं.

काकूंनी त्या दिवशी नेमक्या सगळ्या चादरी घातल्या होत्या. एक चादर दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "आधी काही कळवायला नको का?"

"कशानं कळवायचं, काकू? झोपमोड होते ना तुमची."

मी मुद्दाम मोठ्यानं बोलले. आजूबाजूच्या दारांत हालचाल झाली. काकू कुंपणाशी आल्या. आता भांडतील असं वाटलं, आणि मी तयारच होते. पण त्या अगदी खालच्या आवाजात बोलल्या.

"तुझी मांडीवर आहे अजून. माझा एवढा बाप्या होऊन रोज भिंतीकडे तोंड करून निजायचा. जेव म्हटलं तर भूक नाही म्हणायचा, कारण कमवत नाही. काल पहिल्यांदा मागून जेवला. तू काय सांगितलं असतंस गं फोरमनला?"

हे ऐकून राग गेला नाही. उलट तो जास्त चढला, कारण आता तो नुसता काकूंवर ठेवता येईना. बंगला दूर चढावर. तिथल्या दोरीवर पांढरं काहीतरी स्वच्छ हलत होतं, आणि आम्ही दोघी इथे एकमेकींच्या तोंडाकडे बघत काळ्या चादरीसाठी भांडत होतो.

त्या रात्री मी दुपटी पुन्हा उकळली. ती करडी झाली ती झालीच.

पुढच्या दुपारी बाबा पायरीवर बसले होते, ढमी त्यांच्या मांडीवर. ते तिला आपलं बोट पकडायला देत होते आणि सोडवून घेत होते. कामाच्या वेळेला घरात असण्याची त्यांना सवय नव्हती. कुठे बसावं ते त्यांना कळत नव्हतं. मी भांडी घासत होते. कारखान्याचा घोंघाट नेहमीसारखाच होता, म्हणजे आपल्याला कधी ऐकू येत नाही तसा.

बाबांनी मान वर केली.

"चिमणी जोरानं हवा ओढायला लागली," ते म्हणाले. "आता झडप उघडेल."

मी कान दिला. मला काहीच वेगळं वाटलं नाही. त्यांनी ढमीला माझ्या ओल्या हातांत दिलं आणि उठले. आमची दोरी त्यांनी भराभर रिकामी केली, कपडे आत खाटेवर टाकले. मी म्हटलं, चला, वाचलं आपलं. तोवर ते कुंपणाच्या फटीतून पलीकडच्या अंगणात गेले होते. त्या घरातली बाई दुकानावर गेलेली. तिच्या साड्या, नवऱ्याचे सदरे, पोरांच्या चड्ड्या, सगळं त्यांनी खांद्यावर घेतलं आणि तसेच पुढच्या अंगणात शिरले.

सगळं आयुष्य भट्टीसमोर काढलेला माणूस, परक्या बायकांचे कपडे दोरीवरून काढत गल्लीतून चालला होता. नजर खाली ठेवून, हातांनी चाचपून काढत होता. कुणीतरी खिडकीतून खुसखुसलं, आणि मग ते खुसखुसणंही बंद झालं. दारं उघडली, पण कुणी बाहेर पडेना. आपण पुढे झालो तर आपण काय सांगितलं होतं ते सगळ्यांना आठवेल, असं प्रत्येकीला वाटत असावं.

त्या टोकापासून ते उलटे फिरले. आता उरली होती ती आमच्या शेजारची दोरी. काकूंच्या चादरी, पुन्हा धुतलेल्या.

मी ढमीला कडेवर मारून वाटेत उभी राहिले. "त्यांच्या राहू द्या, बाबा."

ते थांबले. दोन्ही खांद्यांवर कपडे, हनुवटीखाली कपडे.

"कपड्यांनी काय केलंय, पोरी?"

चिमणीच्या तोंडाशी काळं गोळा व्हायला लागलं होतं. त्यांचे हात भरलेले, आणि चादरी मोठ्या. मी कुंपण ओलांडलं. एका हातानं चिमटे ओढले, दातांत धरले, चादर खेचली. काकू दारात आल्या, हात पुढे केले. मी चादरी त्यांच्या हातांत कोंबल्या. तोंडात चिमटे होते म्हणून. नाहीतर खूप बोलले असते.

मागे वळले तर बाबा गल्लीच्या मधोमध उभे. कुणाचं काय ते आता त्यांना कळेनासं झालं होतं. बाही धरून एकेक दारासमोर विचारत होते, हा कुणाचा, हा कुणाचा. तोवर वरून उतरायला लागलं. बाबांनी सगळे कपडे पोटाशी धरले आणि त्यांच्यावर वाकले, आणि गल्ली बघत राहिली, त्यांच्या पांढऱ्या केसांवर एकेक काळा ठिपका बसत होता.