कारण : खालचे दात माझे नाहीत

चेक थांबवण्याच्या अर्जावर कारण लिहायला बँकेने जेमतेम दीड ओळ जागा ठेवली आहे. मी लिहिलं, 'खालचे दात माझे नाहीत.' काउंटरवरच्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कवळीचं म्हणताय का?"

"हो. वरची माझी आहे. खालची कुणाची आहे देव जाणे."

एवढं बोलतानासुद्धा मला हनुवटीवर बोट दाबून धरावं लागलं, कारण 'च' म्हटलं की खालची कवळी उचलून वर यायची आणि 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची. बाई हसल्या नाहीत. त्यासाठी मी त्यांना आजही मानते.

एकतीस वर्षं मी बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत बसून लाउडस्पीकरवर गाड्या पुकारल्या. माझ्या तोंडून एकदा फलाट ऐकला की पुन्हा विचारायला खिडकीशी कुणी यायचं नाही. निवृत्त झाले त्याच सुमारास आमच्या ह्यांची नजर काचबिंदूने गेली. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, काट्याएवढंही दिसेना. तेव्हापासून दुपारी तीनला मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, पहिल्या पानापासून ते 'खोली भाड्याने देणे आहे'पर्यंत. आम्हा दोघांचं दिवसभरातलं खरं बोलणं ते एवढंच.

नवे दात लावून पहिल्या दुपारी वाचायला बसले. अर्धा रकाना झाला असेल. हे म्हणाले, "अगं, राहू दे आज. दमलीस."

मी दमले नव्हते. त्यांना एक शब्द कळत नव्हता आणि सांगायचा धीर होत नव्हता. दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्यांनी चाचपडत रेडिओ लावला. मला त्या रेडिओचा इतका राग आला की स्वयंपाकघरात जाऊन मी धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

दातांच्या डॉक्टरांकडे लागोपाठ दोन दिवस खेटे घातले. त्यांची पद्धत अशी, की माप घेतानाच पूर्ण रकमेचा चेक घ्यायचा, तो खणात ठेवायचा आणि दात दिले की शनिवारी बँकेत टाकायचा. मला दात मिळाले सोमवारी.

"आजी, सवय होईल," डॉक्टर म्हणाले. त्यांनी तोंडात नीट डोकावूनही पाहिलं नाही. "हिरड्यांना वेळ द्या."

"मी तुमची आजी नाही. आणि माझ्या हिरड्यांना काही झालेलं नाही. कवळी दुसऱ्याची आहे."

"असं कधी होतं का?" ते हसले. त्यांचे सगळे दात जागच्या जागी होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दातओठ खावेत, तर दात परक्याचे.

म्हणून गुरुवारी बँक उघडायच्या वेळी मी दारात. काउंटरवरच्या बाईंनी शिक्का उचलला, पण मारायच्या आधी मला नीट बसवून सांगितलं.

"चेक अजून वटलेला नाही, तेव्हा थांबवायचा तुम्हाला हक्क आहे. पण एक लक्षात घ्या. चेक थांबला म्हणजे देणं मिटलं असं नाही. तुम्ही खरंच देणं लागत असाल तर ते मागू शकतात, कोर्टातही जाऊ शकतात. खात्यात पैसे आहेत ना?"

"आहेत."

"मग ते तिथेच राहू द्या. हात लावू नका. आणि का थांबवला ते त्यांना आजच लेखी कळवा, पोच घ्या. पैसे बुडवायचे म्हणून थांबवणं वेगळं आणि मालात खोट आहे म्हणून थांबवणं वेगळं. तुमचं कुठलं, ते कागदावर दिसलं पाहिजे."

मी तिथेच पत्र लिहिलं, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं आणि पोच घेतली.

आठवड्याने नोटीस आली. वकिलाची, जाड कागदावर. मुलगा संध्याकाळी ऑफिसातून आला, त्याने ती वाचली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"आई, पंधरा दिवसांत पैसे भरा म्हणतायत. फसवणूक लिहिलंय यात! देऊन टाक. मी देतो हवं तर."

"तू कशाला देतोस? खात्यात पैसे आहेत. कुणी फसवलंय कुणाला?"

"या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढणार आहेस?"

"पायऱ्यांना दात लागत नाहीत."

तो कपाळाला हात लावून बसला. पोरगा वाईट नाही. जाड कागद पाहिला की घाबरतो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता हे म्हणाले, "ती नोटीस वाच ना. माझ्या बायकोला काय काय म्हटलंय ते मलाही कळू दे."

मी प्रयत्न केला. 'फसवणुकीच्या उद्देशाने सदर चेकचे' इथपर्यंत आले आणि कवळी सुटली, थुंकी उडाली, कागद ओला झाला. ह्यांनी हात पुढे करून माझा गुडघा थोपटला. रेडिओ लावला नाही. मला रडू आलं. रडू येतं याचाच संताप आला. मी चपला घातल्या, नोटीस आणि पोच पिशवीत टाकली आणि निघाले.

डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत एक आडदांड गृहस्थ गाल धरून बसले होते. हातांवर सिमेंटचे जुने चट्टे. गवंडीकाम करणारे असावेत, आणि होतेही.

"तुमचंही दुखतंय?" मी विचारलं.

"खालून टोचतं सारखं," ते तोंड जेमतेम उघडून म्हणाले. "डॉक्टर म्हणतात सवय होईल. दहा दिवस नुसती पेज पितोय. रोख मोजलेत, आता काय बोलणार?"

"कधी मिळाले दात?"

"या नाही, त्याच्या आधीच्या सोमवारी. तुम्ही आत येत होता बघा, मी बाहेर निघत होतो."

मला ती सकाळ आठवली. दात घडवणाऱ्या तंत्रज्ञ मुलीच्या खोलीचं दार उघडं होतं. फळीवर पाण्याच्या वाट्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत एक कवळी आणि वाटीखाली नावाची चिठ्ठी. आणि कामवाली बाई एकेक वाटी उचलून फळी पुसत पार शेवटाला आली होती.

"उठा," मी गवंड्यांना म्हटलं. "चला माझ्याबरोबर."

मी दार ठोठावलं नाही, सरळ ढकललं. "ताई, आमचे साचे आहेत का अजून?"

ती गोंधळली, पण मुलगी कामाची पक्की होती. तिने कपाटातून प्लॅस्टरचे दोन साचे काढले, आम्हा दोघांच्या खालच्या कवळ्या मागून घेतल्या, धुतल्या आणि साच्यांवर ठेवून पाहिल्या. माझ्या तोंडातली माझ्या साच्यावर डुगडुगली. मग तिने अदलाबदल केली. दोन्ही चपखल बसल्या. तिचा चेहरा पांढरा पडला.

"डॉक्टरांना बोलवते," ती पुटपुटली.

"आधी जंतुनाशक औषधात घाल दोन्ही," मी म्हटलं. "डॉक्टर कुठे पळत नाहीत."

दहा मिनिटं आम्ही दोघं अर्ध्या बोळक्या तोंडाने समोरासमोर बसलो. मग तिने माझे दात माझ्या हातात दिले. मी बसवले. जिभेने चाचपलं. हलले नाहीत. आणि बाहेरच्या खोलीत येऊन, भिंतीकडे बघत, मी पोटातून आवाज काढला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! साडेतीनची जलद गाडी फलाट क्रमांक सहावरून सुटेल!"

एक बाई खरंच पिशवी उचलून उभी राहिली. डॉक्टर हातमोज्यांसकट धावत बाहेर आले. गवंड्यांनी तोवर खिशातून दाणे काढून दोन चावून पाहिले होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

तंत्रज्ञ मुलीने खाली मान घालून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी घसा साफ केला. "बरं झालं, मिटला प्रश्न. आता चेकचं तेवढं..."

"मिटला कसा? माझं कारण खरं होतं. तुमच्या नोटिशीत मला फसवी म्हटलंय. ती मागे घेतल्याचं लिहून द्या. चूक तुमची होती तेही लिहा. आणि यांचे दहा दिवस पेजेवर गेले, त्याचं काय?"

"अहो, त्यांची काही तक्रार नाही..."

"आहे," गवंडी म्हणाले. दात बसल्यावर त्यांचा आवाजही भलताच मोठा निघाला. "आहे तक्रार."

खोलीतल्या सगळ्या माना डॉक्टरांकडे वळल्या होत्या. त्यांनी लिहून दिलं. दोघांना दोन कागद, सही-शिक्क्यासकट. गवंड्यांचे निम्मे पैसे खणातून मोजून परत केले. मग मी पिशवीतून चेकबुक काढलं. मला त्यांचा पैसाही बुडवायचा नव्हता. बँकेतल्या बाईंनी सांगितलंच होतं, थांबवलं म्हणून देणं मिटत नाही. पूर्ण रक्कम लिहिली, आजची तारीख घातली.

डॉक्टरांनी चेक घेतला, उलटसुलट करून पाहिला. "हा तरी थांबवणार नाही ना?"

"थांबवायचा हक्क आहे मला," मी म्हटलं. "पण आता कारण उरलेलं नाही."

घरी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. हे खुर्चीतच होते, रेडिओ बंद. मी समोर बसले आणि पिशवीतून वर्तमानपत्र नाही, नोटीस काढली. ओल्या डागापासून सुरुवात केली.

"'फसवणुकीच्या उद्देशाने सदर चेकचे पैसे देणे थांबवले असून...'"

एकही अक्षर निसटलं नाही. ह्यांनी मान वर केली. अंध झाल्यापासून पहिल्यांदाच ते बरोबर माझ्या तोंडाकडे बघत होते.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. "जरा मोठ्याने. शेजाऱ्यांनाही ऐकू जाऊ दे."

मी खिडकी उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.