अक्रोडाच्या पेंडीचे सात डोनट

माझी बायको अनारकान गेली त्याच्या चार दिवस आधी तिनं माझ्याकडे एक बोर्सोक मागितला होता. मी दिला नाही.

गुरुवार होता. आमच्या कारा-आल्मा गावात गुरुवारी संध्याकाळी घरोघरी कढई चढते. मैद्याच्या कणकेचे बोटभर चौकोन तेलात सोडायचे, ते टम्म फुगतात, तेच बोर्सोक. खातात जिवंत माणसं, पण तळणीचा वास मेलेल्यांसाठी असतो. त्या दिवशी ते आपापल्या दाराशी येतात आणि वासानं तृप्त होऊन जातात. ज्या घरातून वास येत नाही तिथून उपाशी परततात.

शेजाऱ्यांच्या तळणीचा वास आमच्या खिडकीतून आत येत होता.

"एक आणून दे की," ती म्हणाली. "बरं, अर्धा."

तिचा एक पाय घोट्यापासून कापलेला होता. साखर इतकी चढलेली की यंत्रावर आकडाच उमटत नव्हता. डॉक्टरांनी मैदा, साखर, भात, सगळं बंद केलं होतं.

"बरी हो, मग एक काय, दहा देईन," मी म्हणालो.

ती जराशी हसली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. सोमवारी गेली.

त्यानंतर उल्कान दर गुरुवारी आमच्याकडे येऊन बोर्सोक तळू लागली. उल्कान म्हणजे अनारकानची धाकटी बहीण, दोन घरं सोडून राहते. मेव्हणीनं दाजीची टर उडवायची ही आमच्याकडची रीत आहे, आणि उल्कान रीतीला पक्की. ती तळायची, सात बोर्सोक ताटलीत ठेवून प्रार्थना म्हणायची, दोनचार घरी वाटायची आणि उरलेले झाकून जायची. मेलेल्यांच्या नावानं केलेलं टाकायचं नसतं. घरात खाणारा मी एकटा. मी खात राहिलो.

ऑगस्टमध्ये भट्टीवर विळा ठोकत होतो. चाळीस वर्षं तेच काम केलं. एकदम कातडं जळल्याचा वास आला. इकडेतिकडे पाहिलं. माझ्याच बुटात निखारा पडला होता. पायाला कळलं नव्हतं, नाकाला कळलं.

मुलगी नुर्झात जलाल-आबादच्या इस्पितळात परिचारिका आहे. ती आली, माझं बोट टोचलं, आकडा पाहिला आणि आईसारखीच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पंधरा! आपल्या यंत्रावर साखर सातआठच्या वर जायला नको. बाबा, आईच्या मागोमाग निघायचंय का?"

मैदा बंद, साखर बंद.

उल्कान म्हणाली, "काही अडत नाही. मी तळीन, गावात वाटीन. तुम्ही नुसता वास घ्या दाजी. तसेही तुम्ही अर्धे मेल्यासारखेच दिसता."

त्यानं माझे पाय वाचले असते, पण माझ्या मनाला ते पटेना. जिवंत असताना मी अनारकानला ज्या वस्तूला नाही म्हणालो, तीच आता तिच्या नावानं ताटलीत ठेवायची? वर्षभर मी तेच केलं होतं आणि दर गुरुवारी मला तिची थट्टा केल्यासारखं वाटलं होतं. मला एकदा तरी तिच्यापुढं असं काही ठेवायचं होतं, की जे तिनं तेव्हा मागितलं असतं तर मी चटकन दिलं असतं.

वर्षश्राद्ध ऑक्टोबरच्या सुरुवातीला होतं. उल्कान म्हणते, वर्ष होईस्तोवर माणूस दारापर्यंत येतं, मग लांब निघून जातं. खरं असेल किंवा नसेल. पण हातात तीन गुरुवार होते.

नुर्झातनं मला फोनवर व्हिडिओत एक बाई दाखवली. कुठली ते माहीत नाही. ती मैद्याशिवाय आणि साखरेशिवाय घरीच डोनट भाजत होती. बदामाचं पीठ, अंडी, लोणी आणि कसलीशी पांढरी पूड.

"हे तुम्हाला चालेल, बाबा. आईलाही चाललं असतं."

शेवटचं वाक्य ती सहज बोलून गेली. माझ्या डोक्यातून ते जाईना.

तिनं ती पूड पाठवली. गोड आहे, पण साखर नाही. चिमूटभर जिभेवर ठेवली तर जीभ गार पडली. गोड वस्तू गार कशी लागते? पुन्हा ठेवली. पुन्हा गार. असा दिवसभर चाटत बसलो आणि संध्याकाळी बोट टोचून पाहिलं. आकडा हललाच नव्हता. वर्षभरात पहिल्यांदा मला कशाचं तरी कुतूहल वाटलं.

बदाम आमच्याकडे फारसे नसतात. पण गावाच्या वर सगळं अक्रोडाचं रान आहे. मी अक्रोड फोडले आणि खिम्याच्या यंत्रातून काढले. पीठ झालं नाही, चिकट गोळा झाला. भाजला तर तेलात पोहणारी चकती झाली. तो गोळा घेऊन मी तुर्दुबायकडे गेलो. समोरच त्याचा तेलाचा घाणा आहे.

"वेड्या, आधी तेल काढ," तो म्हणाला. "मग जे उरतं त्याचं पीठ होतं."

"जे उरतं ते तू काय करतोस?"

"पेंड? गाईला घालतो." मग तो माझ्याकडे बघत राहिला. "एसेनकुल, तू खाणार आहेस? दूध किती देशील?"

मी पिशवीभर पेंड आणि बाटलीभर तेल घेतलं. पेंड जात्यावर दळली आणि उल्कानची चाळण आणून चाळली. पीठ तपकिरी आणि हलकं झालं, वास थोडा कडवट. त्यात अंडी, चक्का, लोणी आणि ती गार पूड घातली. गोळा छान झाला.

पहिल्या गुरुवारी मी तो बोर्सोकासारखा कापून सरळ उकळत्या तेलात सोडला. तीन मोजेपर्यंत तुकडे दिसले. मग विरघळले. कढईत तपकिरी चिखल खदखदू लागला. पण वास काय सुटला! साऱ्या गल्लीत भरला. उल्कान धावत आली.

"दाजी, इतका छान वास! कुठं आहेत?"

मी झारा उचलून दाखवला. झाऱ्यातून चिखल गळला.

"आणि ताटलीत काय?"

"काही नाही."

तिचा चेहरा उतरला. थोरल्या बहिणीला ती आपा म्हणायची. "म्हणजे आपाला वास देऊन बोलावलंत आणि दार तोंडावर लावलंत? त्यापेक्षा चूलच पेटवायची नव्हती."

पळत घरी जाऊन तिनं स्वतःचे बोर्सोक आणले आणि घाईघाईनं प्रार्थना म्हटली. मी खाली मान घालून कढई घासत होतो. घासताना विचार एकच, चिखल का झाला? मैदा ओढला की रबरासारखा ताणला जातो आणि तुकडा धरून ठेवतो. पेंडीत धरून ठेवणारं काही नाही. अंडं धरतं, पण त्याला आवळायला वेळ लागतो, आणि तेल वेळ देत नाही. म्हणून ती बाई भाजत होती.

डोनटला भोक का असतं तेही मला तेव्हाच कळलं. एक गोळा अख्खा भाजून पाहिला, तर बाहेरून करपला आणि मध्ये कच्चा राहिला. मधलं भाजत नाही, म्हणून मधलं ठेवायचंच नाही. ज्यानं हे शोधलं तो माणूस भट्टीवर काम केलेला असणार. मी पत्र्याची सात कडी केली, प्रत्येकाच्या मध्ये एक नळी बसवली आणि विजेच्या ओव्हनमध्ये बुधवारी दोनदा करून पाहिलं. पहिल्या वेळी दगड. दुसऱ्या वेळी अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटून घातला, तर चक्क फुगले. एक खाल्ला. दोन तासांनी बोट टोचलं. सात. मी यंत्र हलवलं, पुन्हा टोचलं. सातच.

दुसऱ्या गुरुवारी सूर्य डोंगरामागं जायच्या आत सात डोनट ताटलीत मांडले, दार उघडं टाकलं आणि उल्कानची वाट बघत बसलो. ती फाटकावरून सरळ पुढं निघाली.

"अगं उल्कान!"

"अय्या, आहात होय? मला वाटलं आज चूल पेटली नाही."

आत येऊन तिनं ताटली पाहिली. एक उचलून भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"हे मधलं कुणी खाल्लं?"

"तसंच असतं ते."

तिनं चावा घेतला. बराच वेळ चावत राहिली. "वाईट नाही," ती म्हणाली. मग दारात जाऊन नाक वर केलं. "पण दाजी, वास कुठाय? मी फाटकापाशी होते, मला कळलं नाही. आपाला काय कळणार? ती आज शेजाऱ्यांच्या दाराशी गेली असेल."

मी म्हणालो, "मग असं करतो. कढईत नुसतं तेल तापवतो वासाला, आणि ताटलीत हे ठेवतो."

"धूर एका जेवणाचा आणि जेवण दुसरं?" ती खरोखर चिडली. "आपाला नाक होतं, दाजी. भट्टीवरून येताना तुम्ही सिगारेट ओढलीत की नाही ते तिला फाटकापासून कळायचं. तिला फसवता?"

ते खरं होतं. मी कधी फसवू शकलो नाही.

म्हणजे तळले तर विरघळतात आणि भाजले तर वास नाही. आठवडाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. लोणी वाढवलं, बसके झाले. वरून तेल फासलं, तर ओव्हनच्या काचेजवळ वास आला, खोलीत नाही. बुधवारी कंटाळून भट्टीवर गेलो. तुर्दुबायच्या बायकोचा विळा पडून होता. पातं लाल केलं, ठोकलं, पुन्हा तापवलं आणि धार टणक व्हावी म्हणून पाणी द्यायला घेतलं. म्हणतात पाणी देणं, पण मी तेल वापरतो. पाण्यात पातळ पातं तडकतं. चिमट्यानं धरून तेलात बुडवलं. चर्र झालं, धूर उठला आणि पातं बाहेर काढलं.

मी तसाच उभा राहिलो, हातात चिमटा.

पातं काही तेलात घडत नाही. ते आधीच घडलेलं असतं. तेलात फक्त क्षणभर जातं.

चाळीस वर्षं हे हात तेच करत होते आणि मला तीन आठवडे सुचलं नाही. अनारकान असती तर म्हणाली असती, "लोखंडात डोकं वापरता, तेवढं स्वयंपाकघरात वापरा."

शेवटच्या गुरुवारी दुपारीच ओव्हन लावला. सात डोनट भाजले आणि कड्यांतून काढून गार होऊ दिले. अंडं आवळून बसलं होतं. दाबून पाहिलं तर घट्ट. मग अंगणात चूल पेटवली, कढई ठेवली आणि तुर्दुबायच्या बाटलीतलं सगळं अक्रोडाचं तेल ओतलं. पहिला डोनट लांब चिमट्यात धरला.

बुडवला. चर्र. एक, दोन, तीन. बाहेर काढला.

अख्खा होता. कडा तांबूस झाल्या होत्या आणि त्यातून वास उठला. मैद्याच्या बोर्सोकाचा नाही. भाजलेल्या अक्रोडाचा आणि तेलाचा. शरद ऋतूत अनारकान रानातून अक्रोड आणून सोलायची तेव्हा तिचे हात हिवाळाभर काळे राहायचे. रात्री उशाला हात घ्यायची तर उशीलाही तोच वास यायचा. त्या वासाचा मी विचारसुद्धा केला नव्हता. मी फक्त मोजत होतो, एक, दोन, तीन, आणि पुढचा बुडवत होतो.

चौथ्या डोनटला समोरून तुर्दुबाय आला.

"काय तळतोस रे?"

"तुझ्या गाईचं खाणं."

"गाईला असं कधी मिळालं नाही," असं म्हणत तो ओट्यावर बसला.

सातवा बाहेर काढला तोवर उल्कान फाटकात उभी होती. आत येईना. मान वर करून, डोळे मिटून वास घेत होती.

"ये की आत," मी म्हणालो.

"मी चाळण न्यायला आलेय," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले. तुम्हाला दिलेली वस्तू परत म्हणून येत नाही."

पण चाळणीकडे तिनं पाहिलंही नाही. ताटली पाहिली. सातही अख्खे, सातही गरम. तिनं एक उचलला, मोडला आणि नाकाशी धरला. या वेळी भोकाची थट्टा केली नाही.

"आपाच्या ओढणीला यायचा हा वास," ती म्हणाली.

तिघं ओट्यावर बसलो. उल्काननं तळवे पसरून प्रार्थना म्हटली. दरवेळी भरभर म्हणते, आज सावकाश म्हटली. दार सताड उघडं होतं आणि धूर अंगणातून घरात जात होता. माझं लक्ष दाराकडं होतं. काय दिसेल असं वाटलं होतं कोण जाणे. पडदा हलला. वारा होता.

मग तिघांनी एकेक खाल्ला. तुर्दुबायनं एक बायकोसाठी नेला, विळाही नेला. उल्काननं दोन फडक्यात बांधले.

ताटलीत एक उरला.

"तो आपाचा," उल्कान म्हणाली. "गार व्हायच्या आत तुम्ही खा. टाकायचा नसतो."

"तिला दहा देईन म्हणालो होतो," मी म्हणालो. हे मी वर्षभरात कुणालाच सांगितलं नव्हतं. "तिनं एक मागितला तेव्हा. नाही म्हणालो, आणि वर दहा देईन म्हणालो."

 उल्काननं चाळण उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि परत माझ्या मांडीवर ठेवली.

"मग आज सात झाले," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी तीन करा."

"तूच म्हणालीस, वर्ष झालं की माणूस लांब जातं."

"जात असेल. पण आपाचं नाक तुम्हाला माहीत नाही का, दाजी?"

मी तो शेवटचा डोनट खाल्ला. दोन तासांनी बोट टोचलं. आकडा सात होता. मग पुढच्या गुरुवारसाठी पेंड चाळायला घेतली.