दम्याची पुडी

ब्याण्णव साली उमाच्या दातांना तारा लावताना उल्हासनगरच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "पोरीला काही औषध चालू आहे?" तिची आई सुहासिनी ठसक्यात म्हणाली होती, "छे!" वांगणीच्या आण्णांची दम्याची पुडी रोज सकाळी मधातून जायचीच. पण पुडीला औषध कोण म्हणतं? औषध डॉक्टर देतो. हा तर झाडपाला.

आठ महिन्यांनी त्याच खुर्चीत उमाचे पुढचे दात नुसत्या बोटानं हलत होते. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, मग तिचे गरगरीत गाल पाहिले. त्या गालांचं बदलापुरात सगळ्या बिल्डिंगनं कौतुक केलं होतं.

"बाई, सच बोला. पुडी-बिडी देता काय?"

सुहासिनीनं सांगितलं. डॉक्टर भडकले. "असल्या पुडीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घालतात! दमा थांबतो, गाल फुगतात, पण हाड विरळ होतं. त्यात तार ओढल्यावर दात टिकणार कसा?" तारा त्यांनी तिथंच काढल्या आणि कल्याणच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, परवा दाखवायला जायची.

उमाला घरी सोडून सुहासिनी तडक वांगणीला गेली. आण्णा ओटीवर बसले होते, पुढे माणसांची रांग.

"काय घालता हो पुडीत?"

"झाडपाला हाय, ताई. पोरीचा दमा गेला का नाय?"

"हाडं गेली तिची!"

ती त्यांना ओलांडून आत घुसली. खलबत्त्याशेजारी गोळ्यांचा पांढरा डबा होता. तो तिनं रांगेसमोर आपटला. "हा कुठल्या झाडाचा पाला?"

आण्णांनी डबा घाईनं मांडीखाली ओढला. रांग मात्र हलली नाही. एक म्हातारी म्हणाली, "गोळ्या असंनात का, गुण येतो ना?"

सुहासिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आज सकाळपर्यंत तीही हेच म्हणत होती.

घरी येताच तिनं उरलेल्या पुड्या मुठीत घेतल्या, गटारात फेकायला. आणि दारातच थांबली. निघताना डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं: "एकदम तोडू नका. शरीराला सवय लागली आहे, जिवावर बेतेल. मोठे डॉक्टर हळूहळू कमी करतील. तोवर चालू ठेवा."

सकाळी तिनं मधात पुडी कालवली.

"आई, ही वाईट आहे ना?" उमानं विचारलं.

"आहे," सुहासिनी म्हणाली. तिनं चमचा पुढे केला. "आ कर."