जावईबापूंच्या पाठीवर सासूबाई

घोड्याचं कागदावरचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण तबेल्यात सगळे त्याला जावईबापू म्हणत. कारण उघड होतं. पुढ्यात ठेवाल ते खायचं, वर नाक मुरडायचं आणि काम सांगितलं की रुसायचं, असा त्याचा खाक्या. रुसवाही साधासुधा नव्हता. पाठीवर माणूस घेऊन स्वारी फाटकापर्यंत डुलत यायची. फाटकाबाहेर पाऊल टाकायची वेळ आली की मात्र थबकायची, मागे सरकायची आणि मागच्या पायांवर खांबासारखी उभी राहायची. वरचा माणूस जमिनीवर, आणि जावईबापू परत गव्हाणीपाशी.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याची पाठ चाचपली, दात बघितले, खोगीर बदलायला लावलं. दुखणं कुठेच नव्हतं. "हा माज आहे," डॉक्टर म्हणाले, "आणि माजावर माझ्याकडे गोळी नाही."

शिकायला येणाऱ्यांनी आपापले उपाय शोधले होते. गणिताचे मास्तर फाटक दिसलं की स्वतःहूनच उतरायचे आणि "जरा पाय मोकळे करतो" म्हणत घोड्याच्या शेजारून चालायचे. दातांची डॉक्टरीण त्याला गाजराची लाच द्यायची. तो गाजर शांतपणे संपवायचा आणि मग उभा राहायचा. एका धिप्पाड खाटकाने लगाम दोन्ही हातांनी गच्च ओढला. उभ्या घोड्याचा लगाम ओढणं म्हणजे त्याला आपल्याच अंगावर पाडून घेणं. दोघंही उताणे होता होता वाचले, आणि खाटीक त्या दिवसापासून सायकल चालवू लागला.

हे सगळं ज्या बाईने समजावून सांगायचं, ती या घरची सून. घोडेस्वारीची शाळा तिची आणि नवऱ्याची. तो नाल, चारा आणि हिशेब बघायचा, ती शिकवायची. "उभा राहिला की पुढे वाका, लगाम सैल सोडा, मानेला बिलगा. खाली आला की लगेच एका बाजूला वळवून गोल गोल फिरवा, थांबू देऊ नका." ती अगदी बरोबर सांगायची. फक्त गेल्या हंगामात जावईबापूंनी तिला फाटकावर आपटलं तेव्हापासून ती सगळं जमिनीवरून सांगायची. विचारलं की कंबरेवर हात ठेवायची. "डॉक्टरांनी बसायला मनाई केलीय." कोणते डॉक्टर, ते कोणी विचारलं नाही.

अशात सासूबाई राहायला आल्या. बसमध्ये कंडक्टर होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. आठवडाभरात त्यांना घर खायला उठलं, आणि एका संध्याकाळी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मला घोडा शिकायचाय."

मुलाला ठसका लागला. "आई, या वयात?"

"या वयात म्हणजे? शर्यतीला निघालेय का मी? चालत्या बसमध्ये कशालाही न धरता तिकिटं फाडलीत. वळणावर ड्रायव्हर पडेल, मी नाही."

सुनेने म्हाताऱ्या घोडीचं नाव सुचवलं. ती गरीब, गोगलगायीसारखी. सासूबाईंनी मान हलवली. "तिला कामं आहेत. तो गोरागोमटा नुसता बसून खातोय, तोच द्या. घरात रिकामटेकडी एक पुरे, ती मी आहे."

"अहो आई, तो धोकादायक आहे."

"मग तू बसून त्याला सरळ कर."

सुनेचा हात आपोआप कंबरेकडे गेला. सासूबाईंनी त्या हाताकडे पाहिलं आणि भाजी वाढून घेतली.

शेवटी ठरलं की रिंगणात बसायचं, फाटकाकडे जायचं नाही. रिंगणात जावईबापू कोणाला त्रास देत नसत. सासूबाई टोपी घालून चढल्या, म्हणजे मुलाने खालून ढकलल्या आणि सुनेने पलीकडून अडवल्या. एक फेरी झाली. तेवढ्यात मास्तर रिंगणात आले आणि कवाड लावायचं विसरले. जावईबापूंनी कवाड पाहिलं, बाहेर पडले आणि थेट चाऱ्याच्या खोलीत जाऊन गवतात तोंड खुपसलं.

"आई, लगाम वळवा! टाच मारा!" सून मागून धावत ओरडत होती.

"राहू दे गं," सासूबाई वरून म्हणाल्या, "त्याचा स्टॉप आला असेल."

त्याला असा स्वार आजवर मिळाला नव्हता. उभं राहायची गरजच पडेना, कारण ही बाई त्याला नाही म्हणतच नव्हती. दुसऱ्या दिवशी तो तिला वाळत घातलेल्या कपड्यांतून घेऊन गेला. सासूबाई डोक्यावर उशीचा अभ्रा घेऊन बाहेर आल्या आणि दातांच्या डॉक्टरणीला हात हलवून पुढे गेल्या. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या हौदापाशी बराच वेळ मुक्काम झाला. सून रोज घसा कोरडा करून शिकवायची आणि सासूबाई रोज "हो हो" म्हणून घोड्याचं ऐकायच्या. रात्री मांड्यांना मलम चोळताना मात्र त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा फुललेला असायचा.

मग जावईबापूंनी कळस केला. पाठीवर सासूबाई असताना ते सरळ आपल्या ठाणात शिरले. दार ठेंगणं. सासूबाई वेळेवर मानेवर आडव्या झाल्या म्हणून डोकं वाचलं. सून धापा टाकत पोचली तेव्हा केसांत गवताच्या काड्या अडकलेल्या सासूबाई आतून म्हणत होत्या, "काही झालं नाही, छान आहे जागा."

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उतरा! आधी उतरा! असं लाडावून ठेवलं तर तो उद्या एखाद्याचा जीव घेईल!" तिने घोडा बाहेर ओढला, सासूबाईंना उतरवलं, रिकिबीत पाय घातला आणि खोगिरावर बसली. टाच मारून त्याला फाटकाकडे नेला. फाटक समोर आलं, मांडीखाली घोडा ताठरला, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण कुठे बसलो आहोत.

उतरायला वेळ नव्हता. घोड्याची मान वर आली, जमीन मागे गेली. लगाम ओढावा असं हातांना कितीही वाटलं तरी तिने ते पुढे सोडले आणि आयाळीत तोंड लपवून बिलगून राहिली. पुढचे पाय खाली टेकले तशी तिने त्याचं तोंड आपल्या गुडघ्याकडे वळवलं आणि फिरवला, गोल, गोल, त्याला घेरी येईपर्यंत. मग पुन्हा फाटक. तो पुन्हा उठला, पण अर्धाच. पुन्हा चकरा. त्यानंतर त्याने नुसती नाकपुडी फुरफुरवली आणि एखाद्या पाहुण्याच्या घरी नाइलाजाने जावं तसा बाहेर पडला. सून वळणापर्यंत जाऊन आली. उतरली आणि तिने आधारासाठी घोड्यालाच धरलं.

संध्याकाळी नवरा खुशीत होता. "आई, मानलं तुला. हिला वर बसवायला काय युक्ती काढलीस! मुद्दाम इतकं वाईट बसायचं म्हणजे..."

"मुद्दाम?" सासूबाईंचा घास हातातच राहिला. "मुद्दाम म्हणजे?"

सासूबाई उठल्या, ताट धुवायला ठेवलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

सून थोड्या वेळाने आत गेली. सासूबाई पलंगावर मलमाची डबी घेऊन बसल्या होत्या.

"आई, आम्हाला वाटलं माझ्यासाठी केलंत."

"तुझ्यासाठी कशाला? तुझ्या कंबरेत काही नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं. कोणी बघत नसलं की दाण्याची पोती उचलतेस. पण तो तुझा मामला. सांगायचं तेव्हा सांगशील, म्हटलं." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "मला घोडा शिकायचा होता. इतकंच. आणि मला वाटत होतं, जमतंय."

सुनेला हसू आलं. ती त्यांच्याजवळ टेकली. फाटक दिसलं की हात कसे गार पडतात, ते तिने आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ते सगळं सांगून झालं. "आज राग होता म्हणून बसले. उद्याचं काही सांगता येत नाही."

"मग उद्या मी असेन की बरोबर."

"पण आई, तुम्ही खरंच फार वाईट बसता."

"मग शिकव ना नीट! नुसती ओरडत धावत होतीस मागून."

सकाळी सासूबाई म्हाताऱ्या घोडीवर आणि सून जावईबापूंवर. फाटक आलं आणि जावईबापू थबकले. सुनेचे हात गार पडले. ती पुढे वाकणार, इतक्यात म्हातारी घोडी सासूबाईंना घेऊन शेजारून संथपणे फाटकाबाहेर निघून गेली. जावईबापूंनी तिच्या शेपटीकडे पाहिलं. आपल्याला मागे ठेवून कोणी फिरायला जावं, हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं. ते खिंकाळले आणि लगबगीने तिच्या मागे निघाले.

सून चक्रावून लगाम सावरत राहिली. पुढे सासूबाई खोगिरावर पोत्यासारख्या हेंदकाळत होत्या.

"आई, पाठ ताठ! टाच खाली!"

"तू आपला घोडा बघ!" त्या मागे न बघता ओरडल्या.