पहिल्या जागेवरचा कॅमेरा

उमुरबेकची बायको माहेरी गेली ती साउंड कार्डामुळे. काराबुलाक गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण भांडणाचं मूळ सगळ्यांनी रेडिओवर ऐकलं होतं.

गावच्या रेडिओ केंद्रात एकच कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स. त्याला दोन माइक: एक स्टुडिओतला, नवाकोरा, दुसरा चहाच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या कॅमेऱ्यातला, ज्यावरून उमुरबेक रशियात कामाला गेलेल्या मुलाशी बोलायचा. दोघांची साउंड कार्डं वेगळी. वीज जाऊन आली, की कॉम्प्युटर जो आधी दिसेल त्याला पहिली जागा द्यायचा, आणि मग कधीकधी भलत्याच माइकचा आवाज गावात जायचा. त्या दिवशी निवेदिका कुंदुझ स्टुडिओत मन लावून हवामान वाचत होती आणि गाव चहाच्या टेबलावरच्या उमुरबेकला ऐकत होतं: "आमच्या तोक्तोबुबुचे बोरसोक घोड्यापुढे टाकले, तर घोडा आधी दात चाचपून बघेल."

तळलेल्या पिठाच्या गोळ्यांवरून संसार मोडत नाहीत. पण ते गोळे तिने आख्ख्या गावाच्या लग्नांत तळले होते. तिने बोचकं बांधलं आणि पलीकडच्या गावी भावाकडे गेली. निरोप एवढाच आला, की जिथे बोललास तिथेच माफी माग, नाहीतर आपलं आपण तळून खा.

आता माफी रेडिओवरूनच जायला हवी होती.

"दादा, कोण कुठे बसणार ते फाइलीत लिहून टाका," कुंदुझ म्हणाली. "मग वीज शंभर वेळा जाऊ दे, जागा हलणार नाही. मी लिहू का?"

"केंद्राचा तंत्रज्ञ मी आहे," उमुरबेक म्हणाला.

त्याने ते काम मनापासून केलं. घरात पाहुणे कसे बसवायचे हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. वडीलधाऱ्याला दारासमोरची मानाची जागा. त्याने आरामात बसावं. धाकट्याने दाराशी बसावं आणि राबावं, चहा ओतावा. कॅमेरा वयाने मोठा, त्याला पहिली जागा. कालचा आलेला माइक खाली, कामाला. फाइल जतन करून, कॉम्प्युटर पुन्हा चालू करून तो समाधानाने हात पुसत उठला.

मग स्टुडिओत जाऊन त्याने कागदावरून माफी वाचली. सुरुवातीला 'आदरणीय श्रोतेहो' होतं, शेवटी 'आपला नम्र'. कुंदुझचे डोळे पाणावले. गाणं लावायचं सोडून तीही त्याच्यामागे चहाला आली. फोन वाजत होता. लोक चेष्टा करणार म्हणून त्याने तो उचलला नाही.

"झालं ना मनासारखं?" कुंदुझने विचारलं.

उमुरबेकने पिशवीतून उरलेला शेवटचा बोरसोक काढून चहात बुडवला. "माफी ठीकच होती. पण तिला खरं काय ते सांगायचं राहिलं."

"काय?"

"घर खायला उठतं गं. हा दगड तरी होता. चावताना घरात आवाज यायचा, ती रागवायची. आता मी तिच्या खुर्चीकडे पाठ करून जेवतो."

उमुरबेक बराच वेळ तो बोरसोक भिजायची वाट बघत बसला. बाहेर मेहुण्याची गाडी थांबली आणि तोक्तोबुबु बोचक्यासकट आत आली.

"माफी ऐकलीस?" उमुरबेक उठत म्हणाला.

"कसली माफी? आधी रेडिओ मुका होता, नंतर बशा वाजायला लागल्या. मग घर खायला उठतं म्हणालास, तेव्हा भावाला म्हटलं, गाडी काढ."

कुंदुझ धावत कॉम्प्युटरच्या पडद्याशी गेली. पहिल्या जागेवर कॅमेरा ऐटीत बसला होता. कॉम्प्युटरात पहिल्या जागेवर बसेल त्यालाच राबावं लागतं, हे उमुरबेकला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं.

"वहिनी, थांबा, बोलू नका. गाव अजून ऐकतंय."

"ऐकू दे." तोक्तोबुबु मानाच्या जागी जाऊन बसली, कॅमेऱ्याच्या अगदी समोर. नवऱ्याच्या बशीतला बोरसोक उचलून तिने टेबलावर आपटला. तो खणखणीत वाजला. "कडकच झाले होते. खमीर जुनं होतं. आता उभा काय राहिलास? दाराशी तू आहेस, चहा ओत."

उमुरबेकने चहा ओतला. तोही सगळ्या गावाने ऐकला.