पुसण्याआधीची ओळ

मावशीने स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि नव्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पहिली ओळ टाकली: 'हा खरा डेटाबेस आहे. इथली माणसं खरी आहेत. मी जागी आहे.' फाइल सेव्ह केली आणि मगच बाकीचं इन्स्टॉलेशन सुरू केलं. लोक आधी घर बांधतात, मग कुलूप लावतात. मावशी आधी कुलूप लावत असे.

ती कोणाचीच मावशी नव्हती. प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या त्या कचेरीत एकोणीस डेव्हलपर होते. त्यांच्यासाठी सर्व्हर उभे करायचे, डेटाबेस बसवायचे, कोणाला कुठवर आत सोडायचं ते ठरवायचं, हे तिचं काम. डेटाबेस दोन. एक सरावाचा, त्यातले रुग्ण डेव्हलपरांनी कंटाळून जन्माला घातलेले. एकाचं वय चारशे होतं आणि रक्तातली साखर उणे सात. दुसरा खरा. त्यात दोन लाख माणसांच्या रक्ताचे अहवाल. खऱ्यात शिरताना ती ओळ हाताने टाइप करावी लागे आणि आतलं काही पुसायचं झालं तर पुन्हा एकदा. दुसरीकडून उचलून चिकटवलेली चालत नसे. पुरुषांनी 'जागा आहे' लिहिलेलं चालत असे. ती सोय करायला मावशीचे दोन दिवस गेले होते आणि त्याबद्दल अजून कोणी तिचे आभार मानलेले नव्हते.

साडेअकराला सर्व्हरच्या थंडगार खोलीत साहेब आले. तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेले. प्रत्येक गोष्टीला 'चकाचक' म्हणत, त्यामुळे माघारी त्यांचं नावही तेच पडलं होतं. जुनं मशीन त्यांच्या हुकमावरून सकाळी नऊलाच उचलून नेलं होतं. दोन्ही डेटाबेस आता नव्यावरच होते. साहेबांच्या हातात कागद होता.

"ती ओळ नव्या मशीनवर नको. लेखी आणलंय."

मावशीने कागद उलटसुलट करून वाचला. मागची बाजू कोरी होती, तीही वाचली.

"कारण नाही लिहिलंत."

"कारण काय लिहायचं त्यात? एकोणीस माणसं, दिवसातून दहादा, दर वेळी वीस सेकंद. गुणाकार करा."

"केलाय. रोज एक तास."

"वाया."

"जागं व्हायला तेवढा लागतोच."

साहेब हसले. हसणं त्यांच्या कामाचाच भाग होता. "मावशी, शिकलीसवरलेली मंडळी आहेत ही. त्यांना बालवाडीसारखं गिरवायला लावायचं म्हणजे अपमान आहे हो."

"आहे की."

"मग?"

"मग काही नाही. अपमान होऊ दे."

साहेबांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "हे बघा, चारपर्यंत ओळ निघाली नाही, तर हे काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल आणि तुम्ही भांडारात. तिथे निदान अशी थंडी तरी नसते."

"भांडारात जाईन," मावशी म्हणाली. "ओळ काढणार नाही." आणखी चहा नको म्हणताना माणूस जसा बोलतो, तशी.

"सरका जरा. हे सगळं मीही केलंय कधीकाळी. आधी सरावातला केरकचरा काढतो, मग तुमची कविता."

मावशी सरकली आणि साहेब बसले. पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या. दोन्ही काळ्या, दोन्हीत पांढरी अक्षरं. कुठली कोणती, ते वरच्या पट्टीत बारीक अक्षरात लिहिलेलं. साहेबांनी एका खिडकीवर क्लिक केलं. सगळ्या नोंदी पुसण्याची आज्ञा न चुकता, एका दमात लिहिली आणि एंटर दाबलं. माणसाने कधीकाळी खरंच काम केलेलं असावं.

पडद्याने ओळ मागितली.

"सरावातपण लावलीत? हट्टाची हद्द झाली."

मावशीचा उजवा हात कीबोर्डच्या वायरीवर जाऊन बसला होता.

साहेब दोन बोटांनी रागारागाने ओळ बडवू लागले. 'हा खरा डेटाबेस आहे. इथली माणसं खरी'. तिथे बोटं थांबली. त्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग वरच्या पट्टीकडे. मग हात उचलून मांडीवर ठेवले, परक्याच्या घरात चुकून शिरलेला माणूस ठेवतो तसे. शेवटी त्यांनी आज्ञा रद्द केली.

"तुम्ही सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"ओळीने सांगितलं ना."

"कोणी घातली ही पहिल्यांदा?"

"मीच. तेरा वर्षं झाली. जेवण करून आले आणि अकरा हजार माणसं पुसली. सरावातली समजून. नऊ दिवस परत जमवत होते."

"आली सगळी?"

"दोन सोडून. चव्वेचाळीसशे सतरा आणि नव्वदशे बासष्ट."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. कागद पुढे ओढून त्यावर लिहिलं: 'अंमलबजावणी झाली.' खाली सही केली. "आता राहू दे तुमची ओळ. कोणी विचारलं, तर काढली म्हणायचं. चकाचक."

मावशीने ते पेन त्यांच्या हातातून घेतलं. 'झाली' खोडलं, पुढे 'नाकारली' लिहिलं आणि आपली सही ठोकली.

"अहो, वाचवतोय मी तुम्हाला."

"मला नका वाचवू. उद्या दुसरे साहेब येतील, ते हा कागद बघतील आणि म्हणतील, ओळ तर कधीच काढलीय, मग ही कुठून आली? मी भांडारात गेले तरी चालेल. पण ओळ काढली नाही, हे कागदावर राहायला हवं."

साहेब कागद घेऊन गेले. दार आपटलं नाही. ते आपटणारं दार नव्हतं.

साडेचारला लांब्या तोच कागद घेऊन आला. लांब्या म्हणजे डेव्हलपरांमधला सगळ्यात उंच आणि ओळीबद्दल सगळ्यात जास्त कुरकुरणारा. मावशीच्या सहीखाली आता एक शब्द वाढला होता: 'पाहिले.' आणि साहेबांची सही.

"म्हणजे काय समजायचं?"

"म्हणजे साहेबांनी पाहिलं."

"ते कळलं. ओळ राहणार की जाणार?"

मावशीने खऱ्या डेटाबेसची आजची प्रवेशनोंद उघडली. बारा चाळीसला साहेबांच्या केबिनमधून कोणीतरी आत आलं होतं. ओळ पूर्ण टाइप केलेली. आत गेल्यावर काही बदललेलं नाही, काही पुसलेलं नाही. हरवलेले दोन क्रमांक शोधले होते, एकापाठोपाठ एक, आणि मग तेच दोन पुन्हा. चारही वेळा उत्तर एकच: अशी नोंद नाही.

मावशीने बाह्या खाली ओढल्या.

"राहणार," ती म्हणाली. "जा, लिही."