मेरामणबापांच्या बशीतला चहा

देवायतचा छकडा, म्हणजे पुढे मोटरसायकल आणि मागे गाडा, आमच्या गोहिलवाडात कुणाला ठाऊक नाही? त्यात वीस माणसं आणि कांद्याची पोती मावत; उरली जागा बकऱ्यांना. एवढ्या ओझ्यानं नाक जमिनीला घासू नये म्हणून हुसेन मिस्त्रीनं पुढच्या चाकाच्या चिमट्यातल्या स्प्रिंगांवर पाइपचे तुकडे घालून, वरची झाकणं आवळून, त्या आधीच दाबून ठेवल्या होत्या.

देवायतला लेक जीवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायची होती. व्याही मेरामणबापांनी अट घातली, की बशीभर चहा हातात घेऊन आधी आपण बसणार. सांडला तर पोरगी इथंच. एकदा ते या छकड्यातून गेले, तेव्हा तोंडातली सुपारी दात न लावता फुटली होती. मी शेजारीच होतो, आवाज ऐकला.

देवायत भाडी मारून आंबलेला. घट्ट स्प्रिंग हलणारच नाही असं धरून त्यानं त्या आणखी दाबून घेतल्या. लेकीला आणायला जाताना भाडं घ्यायचं नाही ही आमची रीत, म्हणून छकडा रिकामा. सोबत मी आणि मिस्त्री. छकडा बोकडासारखा उड्या मारत गेला. बापा चढले आणि फाटकातच चहा पागोट्यावर.

"व्याही, याला वेसण घाला आधी," बापा म्हणाले. दारात उभी असलेली जीवी गाठोडं घेऊन आत वळली.

देवायत धुळीतच बसला. म्हणाला, "अजून आवळ, हुसेन."

"किती आवळशील, भाई? वीस जणांसाठी दाबलीय ती स्प्रिंग. तुझ्या एकट्या पोरीला दबेल कशी?"

"तुकडे काढले तर उद्या कांदा कसा नेऊ?"

मिस्त्रीनं पाना हातात घेतला. देवायत दाराकडं बघत राहिला, मग म्हणाला, "काढ."

जीवीला बोलावून छकड्यातल्या गादीवर बसवून, नाक किती खाली येतंय ते बघत, मिस्त्रीनं बोटभर तुकडा तेवढा ठेवला. बापा बशी भरून पुन्हा बसले. ओहोळाच्या खड्ड्यात चहा बशीच्या काठाशी आला, डोकावला, मागं फिरला. बापांनी तो पिऊन टाकला आणि सुनेचं गाठोडं स्वतः वर चढवलं.

घरी पोचलो तर जीवी गाढ झोपलेली. इंजिन थांबलं तर जागी होईल म्हणून देवायतनं ते बंदच केलं नाही. उद्याचं भाडं ठरवायला आलेल्या कांदेवाल्याला हातानंच खुणावून परत धाडलं आणि हँडलवर डोकं टेकलं. डिझेल संपायला संध्याकाळ झाली. मी मधल्या वेळात जेवून आलो.